एका बादलीची माती

पाइपलाइनसाठी गल्ली खणली तेव्हा
आधी डांबर, मग खडी, मग मुरूम,
आणि त्याखाली अजून ओली, काळी,
अनगोळच्या शिवाराची भातमाती.
रंगाची रिकामी बादली घेऊन उतरलो.
मुकादम म्हणाला, "कुंडीला काय मामा?"
"बैलाला."
तो हसला नाही. गदगकडचा होता.
"एत्तिगे," असं स्वतःशीच म्हणाला
आणि खडे वेचून फावड्यानं बादली भरून दिली.

उद्यमबागेत बावीस वर्षं साचे घालतोय.
वाळू, बेंटोनाइट, बेताचं पाणी;
मुठीत दाबली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत.
त्या वाळूचा बैल एकदा करून बघितला.
लोखंड बघितलेली वाळू
पुन्हा कुणाची होत नाही.

ज्येष्ठाची अमावास्या. दुसरी पाळी सुटून
घरी यायला अकरा वाजले.
कस्तुरीनं ओट्यावर पेपर अंथरलेला.
दोन बैल, एक गव्हाण, डोळ्यांना ज्वारीचे दाणे.
एकाचा पाय रात्रीतच तडकला.
राहू दिला तसाच,
दावणीला एखादा लंगडा असायचाच.

तिसऱ्या दिवशी बैल परत बादलीत, वर तांब्याभर पाणी.
मार्कंडेय नदी लांब नाही.
पण तिच्यात काय सोडावं,
तिला विचारायची आता लाज वाटते.

आषाढातल्या मंगळवारी तीच माती मळली: गुळ्ळव्वा.
हे कस्तुरीच्या माहेरचं, बैलहोंगलकडचं.
गुंजा मिळाल्या नाहीत, जुन्या माळेतले लाल मणी टोचले.
ती कानडीत दोन ओळी म्हणते, तिसरी विसरते,
मग नुसतं गुणगुणते.
मळताना गुळ्ळव्वाच्या पोटात
ज्वारीचा एक दाणा लागला. कोंब फुटलेला.
काढला नाही.

पंचमीला नाग.
फणा उभा राहीना म्हणून आत खिळा घातला.
चतुर्थीला लिंबाएवढा गणपती.
प्रथमेश फोनवर म्हणाला, "बाबा, काल हाच साप होता ना?"
म्हटलं, "म्हणून तर उंदीर गुमान बसलाय."

आणि अष्टमीला जोकुमार. मोठ्या तोंडाचा, बटबटीत डोळ्यांचा.
निंगव्वा अंबिगेर आणायची त्याला बुट्टीत,
डोक्यावर, कडुलिंबाच्या पाल्यात.
तीन वर्षं झाली, तिचे गुडघे आमचा जिना चढत नाहीत.
मग मीच केला, आणि स्कूटरवर, पायांपाशी बुट्टी ठेवून,
तिच्याकडे नेला.
"गडीमाणसानं आणत्यात व्हय रे ह्याला?"
म्हणत पोट धरून हसली,
मग गप झाली, आणि बोटभर लोणी त्याच्या ओठांना लावलं.
"गणपा वर जाऊन सांगतोय, समदं ब्येस, मोदक खाल्लो.
ह्यो खरं सांगतोय. ह्याच्याजवळ बोल."

बोललो. घरी आल्यावर, गॅलरीत, दार लावून.
दोन पाळ्यांची एक झाली.
कस्तुरीचा डावा डोळा.
बोअरच्या पाण्याला येणारा वास.
आणि पोरगा फोनवर हसतो ते
खरं हसणं नाही, मला कळतंय.
एवढंच. जास्त सांगितलं तर
बिचारा वाटेत विसरेल.

पौर्णिमेच्या रात्री त्याला मारायचं असतं.
मी साच्यावर मारायचा धुम्मस आणला होता कारखान्यातून.
उचलला, आणि ठेवला.
कस्तुरीनं मुसळ घेतलं.
एकच घाव.
हात धुऊन भात चढवला.

माती परत बादलीत. पाऊस आला की नाही
विचारू नका, गॅलरीला पत्रा आहे.
थंडीत त्यातच मेथी पेरली, दोनदा भाजी झाली.

आता पुन्हा अमावास्या आलीय.
माती मळतोय तर बोटांना
पांढरी, केसासारखी मुळं लागतायत.
ह्या वर्षीच्या बैलांना
आतून काहीतरी धरून ठेवणार.